लाँड्रीतल्या बाईच्या कुंड्या

ती सतत रागावलेली असायची आणि तिच्या रागाला बहुतेक वेळा कारण असायचं, हेच लोकांना आवडत नसे. विनाकारण चिडणारं माणूस सोपं असतं. ‘स्वभाव आहे’ म्हणून सोडून देता येतं. तिच्या बाबतीत ती सोय नव्हती.

कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या ज्या वृद्धाश्रमात मी केअर असिस्टंट म्हणून लागले, तिथली तळघरातली लाँड्री ती वीस वर्षं सांभाळत होती. बुटकी, रुंद खांद्यांची, साठी ओलांडलेली बाई. वसईकडची, ख्रिस्ती. गळ्यात बारीक क्रूस, पायात बर्फातले बूट, तेही बाराही महिने. मी नागपूरची. फिजिओथेरपीची पदवी घेऊन आले होते, पण इथली परीक्षा दिल्याशिवाय त्या पदवीला काही अर्थ नव्हता. तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं हे माझं काम.

ऑक्टोबर महिना होता, नोकरीचा तिसरा आठवडा. ब्रेकमध्ये मागच्या अंगणात उभी राहून मी आईशी फोनवर नागपूरच्या गप्पा मारत होते. तिथे मातीच्या कुंड्यांची रांग लावलेली होती. एक वाटेत येत होती, म्हणून मी ती उचलून कडेला नीट उभी ठेवली.

“उलटी ठेव. ओली आहे ती.”

नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्या गावात मी मराठी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून मी हसत वळले. “अय्या, तुम्ही मराठी?”

“आधी कुंडी उलटी ठेव.”

मी ठेवली. मग तिने मला समजावून सांगितलं, म्हणजे झापलंच. “मातीची कुंडी पाणी पिते. थंडी पडली की त्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, कुंडी फुटते. नागपूरला शिकवत नाहीत काय गो?”

“सॉरी मावशी.”

“मी तुझ्या आईची बहीण नाही.”

“मग काय म्हणू तुम्हाला?”

“काही म्हणू नको. काम असलं की समोर येऊन बोल.”

त्यानंतर मी तिला कधीच हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की तळघराचे जिने उतरून तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे. आता वाटतं, तिला तेच हवं होतं. लांबून ओरडून सांगितलेलं तिला चालत नसे.

तिच्या रागाची यादी मोठी होती. कुणी ‘नो वरीज’ म्हटलं की ती थांबून विचारायची, “मी वरी करत होते असं तुला कोणी सांगितलं?” होममध्ये, म्हणजे त्या वृद्धाश्रमात, कुणी वारलं की त्या खोलीच्या दारावर कागदी फुलपाखरू चिकटवायची पद्धत होती, आवाज न करता सगळ्यांना कळावं म्हणून. त्या फुलपाखराचा तिला भयंकर संताप यायचा. “माणूस मेला. त्याचं नाव लिहा, कधी गेला लिहा. फुलपाखरू काय लावता? बालवाडी आहे?”

एकदा तिने डब्यात सुके बोंबील आणले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या फ्रीजवर नोटीस लागली: आपल्या सहकाऱ्यांचा विचार करा, उग्र वासाचे पदार्थ आणू नका. खाली हसरा चेहरा काढलेला. ती ते वाचत किती तरी वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, “खिडकीतून बघ. तो काय आहे? समुद्र आहे. त्यात काय पकडतात? मासे पकडतात. अख्खं गाव माशावर उभं राहिलंय, आणि वास फक्त माझ्या डब्याला?” त्या दिवसापासून ती मागच्या दारापाशी, जिथे मालाचे ट्रक लागतात तिथे, उलट्या क्रेटवर बसून जेवायला लागली. उणे दहा असलं तरी. नोटीस लावणाऱ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मला मात्र तिच्या त्या एकटीच्या जेवणाची आजही लाज वाटते, कारण माझ्या डब्यात तेव्हा साधा पोळीभाजीचा वास होता आणि मी आत, हीटरजवळ बसून खात होते.

ती खाडीपलीकडच्या डार्टमथला राहायची, फेरीबोटीने यायची. फेरीत आत गरम असूनसुद्धा बाहेर उभी राहायची. आत का नाही बसत विचारलं तर म्हणाली, “आत सगळे हवेबद्दल बोलतात. बाहेर हवा आहेच, तिच्याबद्दल बोलायला कशाला पाहिजे?”

पण होममधल्या म्हाताऱ्यांवर ती कधीही चिडली नाही. एका आजींनी एकदा तिच्या अंगावर लापशीचा वाडगा फेकला आणि वर शिव्या दिल्या. मी धावत गेले. ती अंगावरची लापशी पुसत शांतपणे म्हणाली, “असू दे. तिला राग येतोय ना? म्हणजे आत माणूस आहे अजून.”

कुंड्यांचं काम तिचं नव्हतं. हे सांगायला हवं, कारण नंतर जे झालं त्यात हाच मुद्दा तिच्याविरुद्ध वापरला गेला. तिचं काम चादरी, टॉवेल आणि म्हाताऱ्यांचे कपडे धुण्याचं. कुंड्या तिने आपणहून डोक्यावर घेतल्या होत्या.

होममध्ये येताना माणसाला फार थोडं आणता येतं. एक खुर्ची, काही फोटो, कपडे. घर विकलं जातं. नवीन माणूस आलं की त्याचे कपडे नावाची खूण घालायला लाँड्रीत यायचे, आणि ते घेऊन आलेल्या मुलामुलींना ती विचारायची, “घराला अंगण होतं? अंगणात कुंडी होती? मग ती आणा.” बरेच जण आणायचे. त्यामुळे मागच्या अंगणात अठरा कुंड्या होत्या आणि एकसारख्या दोनही नव्हत्या. साध्या विटकरी, निळ्या झिलईच्या, एक सिंहाचं तोंड असलेली, एक अर्धं कापलेलं लाकडी पिंप. प्रत्येकीवर खाली पांढऱ्या पट्टीवर नाव. उन्हाळाभर ज्याचा तो आपल्या कुंडीत हवं ते लावायचा. जेरेनियम, टोमॅटो, एकीने तर नुसतं गवत वाढवलं होतं, तिच्या मांजरीला आवडायचं म्हणून. मांजर केव्हाच गेली होती.

कुणी वारलं की त्याच्या कुंडीसाठी तिचा एक नियम होता. पुढचं एक वर्ष त्या कुंडीत तेच झाड लावायचं, जे तो माणूस लावायचा. वर्ष झालं की, कुंडी न घेता आलेल्या एखाद्या नव्या माणसाला ती द्यायची, आणि देताना ती कुणाची होती ते सांगायचं. “नाव न सांगता दिली तर ती भंगार झाली,” ती म्हणायची.

आणि ऑक्टोबरात धुणं. आठवडाभर तिचा जेवणाचा ब्रेक त्यातच जायचा, सुट्टीच्या दिवशीही ती यायची. आधी माती काढायची. मग कोरड्या ब्रशने आतून बाहेरून घासायचं. पाण्यातल्या क्षारांची पांढरी पुटं चढलेली असतात, त्यांच्यावर व्हिनेगरचं पाणी. हे सगळं म्हातारी माणसं करायची. व्हीलचेअरवर अर्धवर्तुळात बसून, मांडीवर प्लॅस्टिकचे एप्रन, हातात ब्रश. शेवटचं ब्लीचचं पाणी, रोग मारायला, ती स्वतः एकटी करायची, सगळ्यांना आत नेऊन सोडल्यावर. मग कुंड्या चांगल्या वाळवायच्या. हॅलिफॅक्सच्या ऑक्टोबरात सलग तीन दिवस ऊन मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. धुकं आणि भुरभुर पाऊस. म्हणून ती कुंड्या लाँड्रीत, ड्रायरच्या मागच्या गरम खोलीत वाळवायची. वाळल्या की जुन्या चादरींच्या तुकड्यांत गुंडाळून, तळघराच्या कोठीत, लाकडी फळ्यांवर उलट्या. वीस हिवाळ्यांत तिची एकही कुंडी फुटली नव्हती.

त्या अर्धवर्तुळात बारा नंबरच्या खोलीतले आजोबा बसायचे. आयुष्यभर जहाजांवर काम केलेले. जहाजाचा गंज खरवडून काढायचं काम त्यांनी तरुणपणी वर्षानुवर्षं केलं होतं. आता हात इतके थरथरायचे की चमचा तोंडापर्यंत पोचत नसे, मी भरवायचे. त्यांची बायकोही त्याच होममध्ये होती, आणि माझ्या पहिल्या हिवाळ्यात ती गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. पण हातात ब्रश दिला की थरथर थांबायची. फिजिओ म्हणून मी ते पाहत होते आणि थक्क होत होते. पकड, मनगट, खांदा, सगळं जागेवर. आणि आवाजही! “ती कड राहिली. खालून घे. असं नाही, असं.” बाजूच्या बाईला ते खडसावायचे, ती त्यांना उलट बोलायची, आणि लाँड्रीतली बाई मध्ये उभी राहून दोघांवर ओरडायची. होममध्ये एवढा जिवंत गोंगाट वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नसे.

माझ्या दुसऱ्या ऑक्टोबरच्या आधी नवीन मॅनेजरबाई आल्या.

त्या वाईट नव्हत्या, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. हसून बोलायच्या, सगळ्यांची नावं लक्षात ठेवायच्या. आता मी तसं सांगत नाही. त्या ऑक्टोबरचं धुणं होऊन कुंड्या कोठीत गेल्या, आणि त्यांनी ईमेल पाठवली. सुरुवातच अशी: आम्हाला कळवायला अत्यंत उत्साह वाटतो. उत्साह कसला? तर अंगणाचं नवीन रूप. वसंतात कंत्राटदार येऊन सगळीकडे एकसारखे करडे प्लॅस्टिकचे प्लँटर ठेवणार. हलके, टिकाऊ, हिवाळ्यात आत न्यायला नकोत. मातीच्या कुंड्या जड, कुणी अडखळून पडू शकतं, बुरशी असू शकते. तेव्हा येत्या गुरुवारी कचऱ्याचा कंटेनर येईल. कोठी इतर सामानासाठी मोकळी होईल. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने रहिवाशांनी यापुढे माती किंवा ब्लीच हाताळू नये.

ब्लीच! ज्या ब्लीचला त्यांच्यापैकी कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

ती ईमेल मी तिला लाँड्रीत वाचून दाखवली. ती चादरीच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. शेवटी म्हणाली, “बुरशी असू शकते. घासल्यावर? व्हिनेगर मारल्यावर? ब्लीच मारल्यावर? या बाईने आयुष्यात एक कुंडी धुतलीय का विचार.” मग माझ्याकडे वळली. “सोमवारी स्टाफ मीटिंग आहे. तू बोल. तुझं इंग्लिश चांगलं आहे. आणि तू शिकलेली आहेस. त्यांना सांग, आजोबांचा हात ब्रशने थांबतो. मी सांगितलं तर लाँड्रीवाली बडबडते. तू सांगितलंस तर डॉक्टरी होते.”

“सांगते,” मी म्हणाले.

मी मनात वाक्यं जुळवली. घरी आरशासमोर म्हणून पाहिली. सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजरबाईंनी विचारलं, “कुणाला काही बोलायचंय?” तिने माझ्याकडे पाहिलं. मला पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जासाठी याच नोकरीचं पत्र लागणार होतं, आणि त्या पत्रावर समोर हसत बसलेल्या याच बाईंची सही. मी वहीत काही तरी लिहीत असल्यासारखं केलं.

मग तीच उभी राहिली. तिचं इंग्रजी वीस वर्षांत कामापुरतंच झालं होतं. “धिस पॉट नॉट गार्बेज,” ती म्हणाली. “धिस पॉट इज हिज हाउस. लास्ट पीस.” कुणी तरी खाली बघून हसलं. मॅनेजरबाई मान हलवत म्हणाल्या, “आय हिअर यू.” ती म्हणाली, “यू हिअर. देन स्टॉप द ट्रक.” यावर मॅनेजरबाईंनी पुढचा विषय घेतला.

दुपारी तिला लेखी ताकीद मिळाली. आपलं काम नसताना ड्रायरच्या खोलीत अस्वच्छ वस्तू वाळवल्याबद्दल. वीस वर्षं ज्या खोलीत जे चाललं होतं, त्याची त्याच दिवशी कुणाला तरी आठवण झाली.

माझ्याच्याने राहवेना. संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर मी खाली गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “इथे येताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करतात. घरचे सही करतात. त्या यादीत कुंडी असेल तर ती त्या माणसाची खासगी वस्तू. घरच्यांच्या परवानगीशिवाय होमला ती टाकता येणार नाही.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “हे मीटिंगमध्ये म्हणायचं होतं.”

मी टेबलावरचा एक टॉवेल उचलून घडी घालायला लागले.

पुढचे दोन दिवस तिने प्रत्येक ब्रेकमध्ये लाँड्रीच्या फोनवरून घरोघरी फोन केले. नंबर तिच्याकडे होते, कपडे हरवले की तीच कळवायची. मी शेजारी उभी राहून टॉवेलच्या घड्या घालत ऐकत होते. “युवर मदर’स पॉट. येस. दे आर थ्रोइंग. यू राइट ईमेल: डोन्ट टच.” एका मुलीने बहुतेक म्हटलं असावं की कुंडीच तर आहे. तिचा आवाज चढला. “युवर मदर सिट्स विथ दॅट पॉट एव्हरी डे. यू कम वन्स इन मंथ. सो हू नोज?” पलीकडून फोन आपटला गेला. अर्ध्या तासाने त्याच मुलीची ईमेल ऑफिसात पोचली: आईच्या कुंडीला हात लावू नये.

अकरा जणांच्या घरून ईमेल आल्या. अकरा कुंड्या वाचल्या.

राहिल्या सात. त्या मागच्या हिवाळ्यापासून वारलेल्या माणसांच्या होत्या, ज्यांचं वर्ष अजून भरलं नव्हतं. त्यांच्या फाइली बंद झाल्या होत्या. यादी नाही, सही नाही, विचारायला कुणी नाही. तिने विचारलं, मग या मी माझ्या घरी नेऊ? मॅनेजरबाई म्हणाल्या, स्टाफला संस्थेची मालमत्ता नेता येत नाही. टाकायला कचरा आणि न्यायला मालमत्ता! हे वाक्य त्यांनी चेहऱ्यावरचं हसू न हलवता उच्चारलं, आणि मी तेव्हाही तिथेच उभी होते.

गुरुवारी सकाळी कंटेनर आला. दोन माणसं कोठीतून कुंड्या आणून अंगणात ठेवत होती. बारा नंबरच्या आजोबांनी मला खूण करून बाहेर न्यायला सांगितलं. मी त्यांची व्हीलचेअर ढकलत नेली. सातांमधली एक निळी, काठावर टवका उडालेली कुंडी त्यांच्या बायकोची होती. आजोबांची स्वतःची विटकरी कुंडी वाचलेल्या अकरांत होती, वेगळी ठेवलेली.

निळी कुंडी उचलली तसे आजोबा मोठ्याने म्हणाले, “ती माझी आहे.”

माणसं थांबली. मॅनेजरबाई खाली वाकल्या, लहान मुलाशी बोलतात तसं बोलल्या. हातातला कागद पाहून म्हणाल्या, तुमच्या नावावर एकच कुंडी आहे. ती ही विटकरी. ती आम्ही अगदी जपून ठेवली आहे.

“यू रीड लिस्ट,” लाँड्रीतली बाई दारातून ओरडली. “रीड मॅन! मॅन इज हिअर!”

मॅनेजरबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आजोबांनी दोन्ही कुंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “एकच ना? मग तिची ठेवा. माझी टाका.”

आणि त्यांनी टाकली. आकडा जुळत होता, यादी जुळत होती, कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. धुतलेली, वाळवलेली, चादरीत गुंडाळलेली ती विटकरी कुंडी कंटेनरच्या लोखंडी तळावर पडल्याचा आवाज मी ऐकला. माझे दोन्ही हात व्हीलचेअरच्या मुठींवर होते. मी म्हणू शकले असते की फाइल बंद झाली तरी बायकोची वस्तू नवऱ्याची होते, हे कुठल्याही कायद्यात, कुठल्याही देशात. मी म्हणाले नाही. मी आजोबांचं पांघरूण सारखं केलं.

त्या ओरडण्याबद्दल तिला दुसरी ताकीद मिळाली. पुढचे तीन आठवडे मी तिच्याशी फार चांगली वागले. बेसनाचे लाडू करून नेले. तिच्या कपड्यांच्या ट्रॉल्या लिफ्टपर्यंत ढकलून दिल्या. ती लाडू खायची, बरे झालेत म्हणायची, आणि कामाला लागायची.

वसंतात करडे प्लँटर आले. रांगेत, एकसारखे, कुणाचंच नाव नसलेले. त्यांत कंत्राटदाराने एकसारखी पिवळी फुलं लावली आणि म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते बाहेरच राहिले. पावसाचं पाणी साचलं, गोठलं, आणि मार्चमध्ये त्यांतले पाच उभे तडकले. मला वाटलं तिला निदान समाधान वाटेल. ती म्हणाली, “याच्यासाठी आमच्या टाकल्या!” आणि तडक खाली लाँड्रीत गेली. त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. दारावर फुलपाखरू लागलं. ती वर आली, फुलपाखरू काढलं, आणि पांढऱ्या पट्टीवर पेनने त्यांचं नाव आणि तारीख लिहून तिथे चिकटवली. ती पट्टी कुणी काढली नाही. मला वाटतं, कुणाची हिंमत झाली नाही.

पुढे तिचे गुडघे गेले आणि मुलाने तिला टोरांटोजवळ ब्रॅम्पटनला नेलं. निरोपाच्या केकवर ‘हॅपी रिटायरमेंट’ लिहिलं होतं. तिने विचारलं, “हॅपी कोण आहे?” आणि अख्खा केक उचलून वर म्हाताऱ्यांच्या जेवणघरात नेऊन वाटला.

मी परीक्षा पास झाले, पीआर झाली. आता मी आठवड्यातून दोन दिवस त्याच होममध्ये फिजिओ म्हणून जाते. मॅनेजर दुसऱ्या आहेत. पहिल्याच वर्षी मी सहा जणांच्या उपचारांच्या कागदांत लिहिलं: हाताची पकड व खांदा, मातीची कुंडी ब्रशने घासणे, वीस मिनिटं, ऑक्टोबरमध्ये रोज. खाली माझी सही, लायसन्स नंबर. मॅनेजरनी न वाचता सही केली. उरलेल्या कुंड्या बाहेर आल्या. व्हीलचेअर अर्धवर्तुळात लागल्या. एका निवृत्त बसचालक बाईंनी शेजारच्या माणसाला इतकं झापलं की नर्स पळत आली.

मी मोठ्या आनंदाने ब्रॅम्पटनला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“चार वर्षं लागली तुला एक कागद लिहायला?”

“तेव्हा मला भीती वाटत होती.”

“ते माहीत आहे मला. तू भ्यालीस त्याचा राग नाही आला गो. घरदार सोडून आलेली पोर, भिणारच. नंतर तीन आठवडे गोड गोड वागत होतीस, त्याचा आला. लाडू कसले आणतेस? आजोबांना नेऊन द्यायचे. त्यांची कुंडी गेली होती, माझी नाही.”

खरंच, आजोबांना एकही लाडू दिला नव्हता मी. त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

“त्या सात कुंड्या गेल्या,” ती म्हणाली, “त्या कुणाकुणाच्या होत्या, आठवतं तुला?”

मला चार नावं आठवली. तिने सातही सांगितली. कोण काय लावायचं, तेही. जेरेनियम, पुदिना, मांजरीचं गवत. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, आणि मी लिहून घेतेय असं कळल्यावरच पुढे जात होती. सातवं नाव आजोबांचं. ते तिने सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.

“झालं लिहून?”

“झालं.”

“आता हे त्या मॅनेजरबाईला पाठव.”

“अहो, त्या केव्हाच सोडून गेल्या. दुसऱ्या गावात कुठे तरी मोठ्या होमला आहेत म्हणे.”

“मग तिथे पाठव,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

मी पत्ता शोधला आणि पाठवलं.